उजवा खिसा

मला माणसांच्या कपड्यांची किळस येत नाही. शिलाईच्या धंद्यात तीस वर्षं गेली, त्यातली सोळा इथं कुवेतमध्ये. घामाने कडक झालेल्या कॉलरी, तेलकट उशा, सोफ्याच्या फटीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या खजुराच्या बिया, सगळं हाताने उचललंय. किळस आली ती एका कोऱ्या करकरीत पँटची, आणि ती मीच शिवली होती.

पँट सदानंदची, म्हणजे आमच्या फोरमनची. इथल्या राई नावाच्या भागात आमच्या कंपनीचा सोफे आणि पडदे करायचा कारखाना आहे. मी तिथला टेलर. नाव दिनकर, पण सगळे मास्तरच म्हणतात. राहायला रिग्गईत कंपनीची एक खोली, आणि त्या खोलीत आम्ही तिघं: मी, सुतारकाम करणारा शत्रुघ्न आणि सदानंद. फोरमनला वेगळी खोली मिळत होती, पण चहा करून द्यायला माणूस हाताशी हवा म्हणून तो आमच्यातच राहिला. तिघंही रत्नागिरी जिल्ह्यातले. परमुलखात गाववाला भेटला की जीव लागतो म्हणतात. म्हणणाऱ्याने सदानंदला जेवणानंतर दात कोरताना बघितलेलं नसावं. काडीच्या टोकाला जे येईल ते उजेडात धरून बघायचा आणि पुन्हा तोंडात टाकायचा.

हा सदानंद मे महिन्यात कायमचा गावी जाणार होता. बंगल्याचा पाया भरून झाला होता. आता त्याला पिस्तूल हवं होतं.

लायसन्सचा अर्ज नुकता कुठे पुढे सरकला होता. मिळेल न मिळेल, देव जाणे. पण हा गडी रोज खाटेवर पालथा पडून मोबाइलवर पिस्तुलांचे व्हिडिओ बघायचा आणि आम्हाला दाखवायचा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत. म्हण सहज तोंडात आली खरी, पण ती किती तंतोतंत लागू आहे हे मला एका शुक्रवारी कळलं. मी विचारलं होतं, "सदानंदशेठ, एवढा कोण उठलाय तुमच्या जिवावर?"

"माझ्या जिवावर कोण उठतोय!" तो हसला. "वहिनीची टपरी आहे ना, ती उठवायचीय."

वहिनी म्हणजे विनिता, त्याच्या मेलेल्या भावाची बायको. रस्त्यालगतच्या सामाईक जागेत ती चहा आणि भजी विकते. नेमकं तिथेच बंगल्याचं गेट यायचं होतं. गावकीत दोन बैठका झाल्या, बाई हलेना.

"धमकी बिमकी काही नाही द्यायची, मास्तर. आपण सभ्य माणसं. तिच्याकडे जायचं, एक कटिंग मागायचा. बसताना खिशातून काढून बाकड्यावर ठेवायचं, आपण मोबाइल ठेवतो तसं. एक शब्द बोलायचा नाही. चहाचे पैसे द्यायचे आणि निघायचं."

चहाचे पैसे देणार होता हे त्याने असं सांगितलं, जणू तिच्यावर उपकारच. मला शिसारी आली. सोळा वर्षांत मी न बोलायलाच शिकलोय.

त्याच्या दोन अटी होत्या. पिस्तूल खिशात मावलं पाहिजे आणि ऐन वेळी दगा देता कामा नये. जणू ती टपरीवरची बाई त्याच्यावर झेप घेणार होती! पण तो हे सगळं फार गांभीर्याने बोलायचा. रिव्हॉल्व्हर म्हणे बिघडत नाही, ओढलं की वाजणारच. पण त्याच्या मध्यभागी गोळ्यांचं जाड चाक, खिशात बटाटा ठेवल्यासारखा फुगवटा दिसतो. दुसरं एक पिस्तूल चपटं, पण लांबडं, खुर्चीत बसलं की जांघेत रुतणार. तिसरं चपटं आणि आखूड. ते छान मावतं, पण मूठ इतकी तोकडी की करंगळी बाहेर लोंबते. शिवाय असली छोटी पिस्तुलं मोठी नाजूक. खिशातला कापसाचा भुसा आत शिरला तरी अडकतात.

"भुसा होतो तो अस्तरामुळे," मी बोलून गेलो. "चांगलं अस्तर घातलं तर भुसा होत नाही."

मला काय गरज होती तोंड उघडायची? पण धंद्याची गोष्ट निघाली की माझी जीभ आवरत नाही. सदानंद खाटेवर उठून बसला. "मास्तर, तुम्हीच शिवायची माझी पँट."

इथं परदेशी माणसाच्या खिशात खरं पिस्तूल सापडलं तर त्याचं काय होईल, हे त्यालाही ठाऊक होतं. तेवढी अक्कल होती. म्हणून त्याने ठरवलं की तिन्ही पिस्तुलं लाकडाची करून घ्यायची, अगदी मापात, आणि ती खिशात घालून आठवडाभर वावरून बघायचं. म्हणजे गावी गेल्यावर नेमकं तेच विकत घेता येईल. लाकडाची करणार कोण? शत्रुघ्न.

शत्रुघ्न हा माणूस लाकडासारखाच, कमी बोलणारा आणि सरळ. त्याच्या बायकोला, नर्मदाला, गर्भाशयात गाठ झाली होती. चिपळूणला एकवीस तारखेला ऑपरेशन ठरलं होतं आणि घरात तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. तीन तारखेला त्याने रजेचा फॉर्म सदानंदच्या हातात दिला. फोरमनची सही झाल्याशिवाय फॉर्म मुदीरकडे, म्हणजे मॅनेजरकडे जात नाही. मुदीर माणूस बरा, सही बघितली की दुसऱ्या दिवशी तिकीट काढून देतो. पण सदानंदची सही काही होईना. "बघतो," म्हणायचा. लाकडी पिस्तुलांचं निघालं तेव्हा म्हणाला, "हे तेवढं करून दे शत्रू, मग बसतोच तुझ्या फॉर्मला."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. शत्रुघ्न सोफ्याच्या पायांचे उरलेले बीच लाकडाचे तुकडे घेऊन बसला. मोबाइलवरच्या चित्रावरून मापं घेतली, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घासून घासून तीन पिस्तुलं केली. त्याला वाईट काम करता येत नाही, हाच त्याचा दोष. चाप कोरला, वरच्या रेघा कोरल्या, आणि सोफ्याच्या पायांना लावायचं काळं पॉलिशही लावलं. दोन हातांवरून बघितलं तर खरंच वाटावं.

"वजन पण पायजे," सदानंद म्हणाला.

आणि ते मी दिलं. पडदा नीट झुलावा म्हणून त्याच्या तळाच्या दुमडीत शिशाच्या छोट्या चकत्या घालतात, त्या माझ्याच खणात असतात. शत्रुघ्नने लाकूड पोखरलं, मी मोजून चकत्या दिल्या, त्याने भोक बुजवलं. कोणत्या तोंडाने मी आता सदानंदला नावं ठेवू?

तिन्ही घालून बघितली. रिव्हॉल्व्हर दिसत होतं. लांबडं रुतत होतं. आखूड पसंत पडलं. मग मी खिसा शिवायला घेतला, आणि इथं मला खरं सांगितलंच पाहिजे, ते काम करताना मी रमलो. त्या पिस्तुलासाठी स्वतंत्र खिसा, दुसरं काही त्यात ठेवायचं नाही. तोंड रुंद, म्हणजे हात न अडखळता जावा. अस्तर घट्ट विणीचं, भुसा न होणारं, पडद्यांच्या हिरव्या दोऱ्याने दुहेरी शिवलेलं. तळाला पिस्तुलाच्याच आकाराची तिरकी शिलाई, म्हणजे ते उभंच्या उभं राहील, आडवं पडणार नाही. आणि बाहेरच्या बाजूला अस्तरामागे पातळ रेक्झिनचा चौकोन, म्हणजे कापडावर आकार उमटला तर पाकिटाचा उमटावा. पँट घालून सदानंद चालला, बसला, जिना चढला. काही म्हणजे काही दिसेना. मी मनात म्हटलं, वा दिनकर!

मग त्याचे चाळे सुरू झाले. पॉलिशसाठी आलेल्या कपाटाच्या आरशासमोर बनियनवर उभा राहायचा आणि खिशातून पिस्तूल काढायचा. पोट आत ओढून, ओठ मुडपून. काढता काढता वळायचा आणि समोर जो असेल त्याच्यावर रोखायचा. समोर बहुतेक वेळा शत्रुघ्न असायचा, रंधा मारत. "ठो!" सदानंद म्हणायचा. शत्रुघ्न मान वर न करता विचारायचा, "सायब, फॉर्म?"

"उद्या."

बघून बघून माझ्या तोंडाची चव गेली. त्याच्या हाताला अत्तराचा आणि तंबाखूचा मिळून एक गोडूस वास यायचा, तो त्या लाकडालाही लागला. रोज संध्याकाळी तो पिस्तूल रुमालाने पुसायचा आणि त्याच रुमालाने नाक.

चौदा तारखेला जहराला एका घरी पडदे लावायचे होते. व्हॅन चालवायला जहीर. हा श्रीवर्धनचा, वीस वर्षं इथं गाडी चालवतोय, अरबी अस्खलित बोलतो. सदानंद त्याच्या शेजारी पुढे. मागे मी, शत्रुघ्न, पडद्यांचे गठ्ठे आणि शत्रुघ्नची हत्यारांची पिशवी. सकाळपासून धूळ उडत होती, त्यामुळे पुढे चेकपॉइंट आहे हे जवळ येईपर्यंत दिसलं नाही. पोलिसांच्या गाड्या आडव्या, प्रत्येकाचं कार्ड बघत होते.

नेहमीचंच होतं. पण सदानंदची पाचावर धारण बसली. खिशात हात घातला, ते काळं लाकूड बाहेर काढलं आणि सीटांच्या मधून मागे शत्रुघ्नच्या मांडीवर टाकलं.

"पिशवीत टाक. लाकूडच आहे, सुताराच्या सामानात शोभेल."

"सायब, मी..."

"टाक म्हणतो ना! फॉर्म हवाय का नको?"

शत्रुघ्नने ते रंध्याखाली ढकललं. जहीर पुढे पोलिसाच्या हाताकडे बघत होता, त्याला काही कळलं नाही. मी बघितलं.

तरुण पोलिसाने चौघांची कार्डं बघितली, व्हॅनचं मागचं दार उघडलं, गठ्ठे चाचपले. मग पिशवीत हात घातला. हात बाहेर आला तसा तो एक पाऊल मागे सरला आणि ओरडला. आम्ही सगळे खाली, हात वर. दुसऱ्या पोलिसाने ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नखाने खरवडलं. लाकूड आहे हे कळलं, पण त्याचा चेहरा काही निवळला नाही.

"पिशवी कोणाची?"

पोलिसाच्या वतीने जहीरने विचारलं. शत्रुघ्नने हात वर केला, आणि मग सदानंदकडे बघितलं.

सदानंद इंग्रजीत म्हणाला, "सर, आय डोंट नो. ही कारपेंटर. ही मेक." आणि मराठीत, ओठ न हलवता, "गप्प राहा शत्रू. तुझा फॉर्म माझ्याकडे आहे. मी सोडवतो तुला."

शत्रुघ्न गप्प राहिला. मीही राहिलो.

त्याला त्यांच्या गाडीत घातलं, आम्हाला मागून यायला सांगितलं. पोलीस ठाण्यात एका बाकावर आम्ही तिघं बसलो. समोरच्या भिंतीपाशी शत्रुघ्न उभा. दोन तास गेले. मला काय काय सुचत होतं, ते सांगायलाही लाज वाटते. खिसा मी शिवलाय, बोललो तर मीही अडकेन. माझी रेसिडेन्सी पुढच्या महिन्यात संपतेय. लाकूडच तर आहे, सोडतील. आणि या सगळ्याच्या तळाशी, शपथेवर सांगतो, हेही होतं की खिसा इतका बेमालूम झालाय, कोणाला संशयसुद्धा आला नाही.

मग अधिकारी आला. पन्नाशीचा, थकलेल्या डोळ्यांचा, आवाज न चढवणारा. त्याने लाकडी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि शत्रुघ्नला विचारलं, हे का केलं? कोणाला दाखवून लुटणार होता? जहीरने मराठीत सांगितलं. शत्रुघ्न सदानंदकडे बघत राहिला.

सदानंद उठला. छातीवर हात ठेवला.

"सर, धिस मॅन, व्हेरी पुअर मॅन. वाइफ सिक. माइंड नॉट ओके. आय वॉज गोइंग टू साइन हिज लीव्ह, सर. आय ॲम लाइक हिज ब्रदर."

नर्मदाच्या गाठीवर पाय ठेवून तो वर चढत होता. आणि हे सगळं बोलताना त्याचा उजवा हात, सवयीने, माझ्या त्या रिकाम्या खिशात होता.

मला वाटलं ओकारी येणार. आला तो आवाज.

"जहीरभाई, साहेबांना सांग. ते लाकूड ह्याच्या उजव्या खिशात घालून बघा."

"दिनकर, काय बोलतोस तू?" जहीर दचकला.

"सांग रे! दुसऱ्या कोणाच्या खिशात ते मावणार नाही. ह्याच्या मावेल. वर दिसणारसुद्धा नाही."

"मास्तर वेडे झालेत!" सदानंद ओरडला. त्याचा हात खिशातून चटका बसल्यासारखा बाहेर आला. अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं, पण तो हात त्याने बघितला. जहीरने भाषांतर केलं. अधिकारी टेबलामागून बाहेर आला. पिस्तूल उचललं. आधी शत्रुघ्नच्या पँटच्या खिशात घालून बघितलं, मूठ बाहेर राहिली. माझ्या खिशात घातलं, आडवं पडलं आणि कापड ताणलं. मग सदानंदच्या उजव्या खिशाचं तोंड दोन बोटांनी उघडलं आणि वरून नुसतं सोडलं.

ते आत गेलं. तळाच्या तिरक्या शिलाईवर उभं राहिलं. वर सुरकुतीसुद्धा नाही.

अधिकाऱ्याने सदानंदला दोन पावलं चालायला लावलं, खुर्चीवर बसवलं, उठवलं. काही दिसेना. त्याने अस्तर उलटं करून बाहेर ओढलं, हिरव्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हे शिवलं कोणी?

"मी," मी म्हटलं. जहीरला भाषांतर करावं लागलं नाही.

मग मी सगळं सांगितलं. व्हिडिओ, तीन लाकडं, चकत्या, वहिनीची टपरी, चेकपॉइंट दिसल्यावर मागे आलेला हात. जहीर एकेक वाक्य अरबीत करत गेला. टपरीचं सांगताना अधिकाऱ्याने त्याला थांबवलं आणि पुन्हा विचारलं, विधवा? भावाची बायको? जहीर हो म्हणाला. अधिकाऱ्याने सदानंदकडे असं बघितलं की त्या बघण्याने मला सोळा वर्षांत पहिल्यांदा या देशात आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"बाकीचे खिसे रिकामे कर," त्याने सांगितलं.

डाव्या खिशातून चाव्या निघाल्या. तंबाखूची पुडी निघाली. तो रुमाल निघाला, आणि त्यात गुंडाळलेल्या दात कोरायच्या तीन काड्या, एक वापरलेली. मागच्या खिशातून पाकीट, आणि पाकिटाच्या मागे चार घड्या घातलेला कागद. अधिकाऱ्याने तो उलगडला, वाचता येईना म्हणून जहीरपुढे धरला.

जहीरने बघितलं, आणि माझ्याकडे सरकवला.

शत्रुघ्नचा रजेचा फॉर्म. खाली फोरमनच्या जागी सदानंदची सही, आणि सहीखाली तारीख. चार.

चार तारीख. म्हणजे अर्ज दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सही करून ठेवली होती. पहिलं लाकूडसुद्धा कापलं गेलं नव्हतं. दहा दिवस तो कागद ढुंगणाखाली घेऊन हा बसत होता आणि "उद्या" म्हणत होता.

थू! माझ्या तोंडात थुंकी जमली होती. पोलीस ठाण्याची स्वच्छ फरशी बघून गिळली. सदानंद म्हणाला, "मास्तर, मी देणारच होतो हो." कोणाला म्हणाला कोण जाणे. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

शत्रुघ्नने फॉर्म हातात घेतला. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडा कळतो. त्याने त्या चारवर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि मग कागद जुन्या घड्यांवरच पुन्हा दुमडला.

आमचे जबाब घेतले, अंगठे घेतले. लागेल तेव्हा मला हजर व्हायचं होतं. पिस्तूल टेबलावरच राहिलं आणि सदानंद त्याच्यापुढच्या खुर्चीवर. मुदीरशी जहीरचं फोनवर बोलणं झालं. फॉर्म घेऊन उद्या सकाळी ये म्हणाला, अठराचं तिकीट बघतो. म्हणजे शत्रुघ्न वेळेत पोचणार होता. माझ्या रेसिडेन्सीचं विचारायची मला हिंमत झाली नाही.

परत येताना व्हॅनमध्ये पुढची सीट रिकामी होती. मी बसलो नाही, शत्रुघ्नही बसला नाही. दोघंही मागे, पडद्यांच्या गठ्ठ्यांवर. धूळ आता खाली बसली होती. बराच रस्ता गेल्यावर तो म्हणाला, "मास्तर."

"बोल."

"तुमी बगितलं व्हतं. तितं गाडीतच."

"हो."

"मंग दोन तास का नाय बोललाव?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी माझ्या हातांकडे बघितलं. अंगठ्याला शाई लागली होती, आणि बोटांना सकाळी पडद्यांत घातलेल्या शिशाच्या चकत्यांचा वास होता.

"भ्यालो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. फॉर्म शर्टाच्या आत, छातीपाशी ठेवला होता, तो एकदा चाचपून बघितला.

"भ्यालो तर मी बी," तो म्हणाला. "पन पिशवी माजी व्हती."